चालू प्रोग्रामशी बोलायला पोरांना शिकवा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटरबद्दल जे काही येतं ते मी आवर्जून वाचतो, पण त्यात बहुतेक वेळा कोणत्या कोर्सला किती पॅकेज आणि कोणती भाषा शिकली की नोकरी लागते एवढंच असतं. प्रोग्राम चालू असताना बिघडला, आणि तोही आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर, तर बिघाड शोधायचा कसा यावर मराठीत काही छापून आलेलं माझ्या तरी वाचनात नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांब झालंय, कापायचं असेल तर कापा पण मधला भाग राहू द्या.

मी पुण्यात असतो, सॉफ्टवेअरचं काम करतो. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे, ती दादा बघतो. सात प्लॉट, ठिबक, आणि शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे व्हॉल्व्ह फिरवायला दादाला रात्री दोन दोन वाजता उठून बॅटरी घेऊन जावं लागायचं. ते बंद व्हावं म्हणून मोटरीच्या खोलीत एक रास्पबेरी पाय (हातात मावेल एवढा कॉम्प्युटर, पुढे त्यालाच नुसतं पाय म्हणतो) बसवला, त्याला रिले (कॉम्प्युटरच्या हुकमाने चालू-बंद होणारं बटण), रिलेला व्हॉल्व्ह, मातीत ओलाव्याचे सेन्सर, आणि हे सगळं चालवणारा प्रोग्राम मी स्कीम भाषेत लिहिला. स्कीम म्हणजे लिस्पच्या घराण्यातली भाषा, १९७५ साली एमआयटीत गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी केली. तिचे बरेच अवतार आहेत, मी वापरतो तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचा गाईल, ३.० व्हर्जन. नाव मराठीत वाचलं की कुणीतरी गाणं म्हणणार आहे असं वाटतं, मला ते आवडतं.

आता कुणी म्हणेल पाणी सोडायला एवढी जुनी भाषा कशाला. तर कारण एकच, या भाषेत चालू प्रोग्रामशी बोलता येतं. तुम्ही एक ओळ टाकायची, तो वाचतो, चालवतो, उत्तर दाखवतो आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसतो, याला आरईपीएल म्हणतात. हे तुमच्या लॅपटॉपवर तर होतंच, पण गाईलमध्ये तुमच्या प्रोग्रामच्या आतच एक आरईपीएल सर्व्हर सुरू करता येतो, की बाहेरून कुणीतरी जोडून घेईल आणि आत काय चाललंय ते विचारेल. व्हॉल्व्ह उघडे किती, तीन नंबरचा सेन्सर काय सांगतोय, आणि हे फंक्शन (प्रोग्राममधला एक ठरावीक काम करणारा तुकडा) चुकलंय, हे घे नवीन, प्रोग्राम बंद न करता. १९९९ च्या मे महिन्यात नासाच्या डीप स्पेस वन यानावर रिमोट एजंट नावाचा लिस्पमधला प्रोग्राम चालवून बघत होते, त्यातली दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकून बसली, आणि कोट्यवधी किलोमीटरवरून पृथ्वीवरच्या लोकांनी तो घोळ नेमका कुठे झाला ते शोधून काढलं. तासगाव त्या मानाने जवळच.

पण हे जसं वाटतं तसं पहिल्या दिवशी चालत नाही, आणि न चालण्याची कारणं कुणी एका जागी मराठीत सांगत नाही, ती मी सांगतो.

पहिलं म्हणजे जोडणीच होत नाही. आमच्या शेतात सिमकार्डवालं राउटर आहे आणि मोबाईलच्या नेटवर आपल्या मशीनला बाहेरून थेट पत्ताच नसतो, शेकडो लोक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे पुण्यातून कितीही धडका मारा, आत जाता येत नाही. उपाय असा की पायनेच स्वतःहून बाहेर यायचं. मी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतलाय, पाय त्याच्याशी एसएसएचचा (दोन मशीनमधल्या कुलूपबंद जोडणीचा) उलटा बोगदा करून ठेवतो आणि मी त्या बोगद्यातून मागे जातो. लाईट येते जाते तेव्हा बोगदा पडतो, तर तो पुन्हा आपोआप उभा राहील अशी सोय लागते. एवढं झालं की हा विषय संपला.

पुढची गोष्ट, ईमॅक्स या प्रोग्राम लिहायच्या एडिटरमधून गायझर नावाच्या पॅकेजने जोडायला गेलं की कधी कधी नुसतं थांबून राहतं. मला एक सवय लागली आणि तिने माझे खूप तास वाचवले: गायझर बाजूला ठेवायचं आणि आधी टेलनेट किंवा नेटकॅट या नुसती जोडणी करणाऱ्या साध्या प्रोग्रामने त्याच पोर्टला (मशीनच्या त्या नंबरच्या दाराला) जोडून बघायचं, गाईलचा प्रॉम्प्ट (ओळ टाका म्हणणारी खूण) दिसला तर बोगदा आणि सर्व्हर ठीक आहेत, दोष ईमॅक्सच्या बाजूचा. बहुतेक वेळा गायझरचा स्वतःचा स्कीममधला भाग पायवर नसतो किंवा वेगळ्या व्हर्जनचा असतो. आणि प्रॉम्प्टमध्ये कंसात मॉड्यूलचं, म्हणजे प्रोग्रामच्या कप्प्याचं, नाव लिहिलेलं असतं तेही वाचायचं. तिथे गाईल-युजर दिसत असेल तर तुम्ही दारात उभे आहात, घरात नाही, तुम्ही दिलेली नवी व्याख्या प्रोग्रामच्या मॉड्यूलमध्ये गेलेलीच नाही. स्वल्पविराम आणि एम देऊन मॉड्यूल बदलायचं, मग बोलायचं.

आता जे मला खरंच दोन रात्री झोपू देईना ते सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची गोष्ट, दादाचा फोन आला, "तीन नंबरला पाणी कमी कर की, जमीन भारी हाय तिथं, वाफसाच येईना." मी लगेच जोडलं, बरोबर मॉड्यूलमध्ये गेलो, कोणत्या प्लॉटला किती मिनिटं ते सांगणारं छोटंसं फंक्शन होतं, त्यात तीनला ४० ऐवजी २५ केलं, तिथेच विचारून बघितलं, उत्तर २५ आलं, निवांत झोपलो. सकाळी दादा म्हणाला "काल पण तेवढंच पडलं." मी पुन्हा जोडून विचारलं, २५. रात्री पुन्हा ४० मिनिटं. म्हणजे मी विचारलं की एक उत्तर आणि प्रोग्राम स्वतः चालतो तेव्हा दुसरं, आणि फंक्शन तर एकच. मला वाटलं दोन प्रोसेस चालू आहेत, तसं नव्हतं. मला वाटलं जुनी फाईल लोड झाली, तेही नव्हतं.

कारण असं निघालं की गाईल ३ चा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवायला सोपा करून देणारा भाग), तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर, मॉड्यूलला डिक्लेरेटिव्ह धरतो, म्हणजे एकदा व्याख्या केली आणि त्या मॉड्यूलमध्ये पुढे कुठे बदलली नाही तर ती कायमचीच असं मानतो, आणि छोटं फंक्शन असेल तर जिथे जिथे ते वापरलंय तिथे त्याचा मजकूरच आत चिकटवून टाकतो, बोलवायला जातच नाही. वेग वाढतो हे खरं, चांगलीच गोष्ट आहे, पण मग मी आरईपीएलवरून नाव बदललं तरी आत चिकटवलेला ४० तसाच राहतो. उपाय एका ओळीचा, मॉड्यूलच्या व्याख्येतच डिक्लेरेटिव्ह नाही असं लिहायचं, पुन्हा कंपाईल करायचं आणि एकदाच रिस्टार्ट. हे गाईलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही, पण ज्याला आपला प्रश्न काय आहे हेच नेमकं कळलेलं नाही तो मॅन्युअलमध्ये शोधणार काय?

आणि याचाच एक भाऊ आहे. समजा मुख्य लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी फेरी) एका फंक्शनच्या आत फिरतोय आणि तुम्ही ते फंक्शनच नव्याने दिलं, तरी जो आत शिरलाय तो जुन्याच लूपमध्ये फिरत राहणार, त्याला बाहेर काय बदललं ते माहीत नाही. म्हणून लूप अगदी बारका ठेवायचा, त्याने दर फेरीला एका वेगळ्या, वरच्या पातळीवरच्या फंक्शनला नावाने हाक मारायची, मग ते बदललं की पुढच्या फेरीला नवीन लागू. रेकॉर्ड म्हणजे एका वस्तूची, माझ्याकडे प्लॉटची, माहिती एकत्र ठेवणारा साचा, त्याचंही तसंच, रेकॉर्डची व्याख्या पुन्हा दिली की तो नवाच प्रकार तयार होतो आणि आधी बनवलेले सगळे प्लॉट त्याच्या लेखी परके, मग "हा प्लॉटच नाही" असे एरर यायला लागतात आणि माणूस चक्रावतो. मॅक्रो (कंपाईल होतानाच दुसरा कोड बनवून देणारा तुकडा) बदलला तर तो वापरणारं सगळं पुन्हा द्यावं लागतं.

उंदराची गोष्ट पण सांगायलाच हवी. एकदा पाच नंबरच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली, सेन्सरकडून रिकामा मजकूर यायला लागला. रिकाम्या मजकुराचा आकडा करायला गेलं की स्कीम आकडा देत नाही, "खोटं" देते, आणि ते खोटं ३० पेक्षा कमी आहे का हे विचारलं की एरर. पाणी सोडणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्र चालणारं काम, तिथेच मेला. मी जोडलं तर आरईपीएल छान बोलतोय, सगळी उत्तरं देतोय, आणि बागेत पाणी नाही. नवीन माणूस इथे हमखास फसतो, त्याला वाटतं एरर आला तर मला दिसेल. तसं नाही, तुम्ही स्वतः टाईप केलेल्या ओळीत चूक झाली तरच तुमच्यासमोर डीबगरचा (चूक शोधायच्या साधनाचा) प्रॉम्प्ट उघडतो, दुसऱ्या थ्रेडमध्ये काय फुटलं ते तुमच्याकडे येत नाही, ते पायवरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाईलमध्ये) जाऊन पडतं. प्रिंटचंही तेच, प्रोग्रामने छापलेलं लॉगमध्ये, तुम्ही बोलावलेल्या फंक्शनने छापलेलं तुमच्या सॉकेटवर, म्हणजे तुमच्या जोडणीवर. आणि तुम्ही आरईपीएलमधूनच नवा थ्रेड सुरू केलात तर त्याला छापायची जागा म्हणून तुमचंच सॉकेट मिळतं, तुम्ही लॅपटॉप बंद केला की तो पुढे कधीतरी छापायला जाणार आणि पडणार. म्हणून आता माझ्या लूपमध्ये प्रत्येक फेरीभोवती एरर पकडणारं कुंपण आहे, एरर आला की त्या क्षणाचा स्टॅक (कोणत्या फंक्शनला कुणी बोलावलं त्याची साखळी) एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, व्हॉल्व्ह बंद करायचे आणि पुढच्या फेरीला लागायचं. मी नंतर सावकाश जोडतो आणि तो स्टॅक उघडून बघतो.

तो उघडला तर त्यात मधलीच माणसं गायब असतात, हा अजून एक धक्का. मला दिसलं की तुलना करणारं फंक्शन फुटलं, पण त्याला बोलावलं कुणी ते नाही. हा बिघाड नाही, स्कीमचा नियमच आहे, फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्याला बोलावणं असेल तर पहिल्याची नोंद पुसली जाते. आमच्या गावात सप्ताहाला पहारा असतो, वीणा पुढच्याच्या गळ्यात घातली की आधीचा घरी जातो, वीणा खाली ठेवत नाहीत. तुम्ही रात्री तीनला देवळात गेलात तर आत्ता वीणा कुणाकडे ते दिसेल, त्याला कुणी दिली ते बघून कळणार नाही. स्टॅकमध्ये तसंच. मग मी शेवटच्या पन्नास घटनांची एक छोटी यादी मेमरीत ठेवायला लागलो, कोणत्या प्लॉटचं काय वाचलं आणि काय ठरवलं, पहाऱ्याची वही असते ना तशी. पाच नंबर त्या वहीत सापडला.

पुढचा घोळ माझ्याच घाईने झाला. आरईपीएल सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये चालतो, म्हणजे मी इकडे "सगळे व्हॉल्व्ह बंद" म्हणतोय त्याच क्षणी तिकडे प्रोग्राम एक उघडतोय असं होऊ शकतं. झालंच, दोन व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले, प्रेशर पडलं, शेवटच्या ओळींना थेंब नाही. गाईलमध्ये यासाठी दुसरा प्रकारचा सर्व्हर आहे, कोऑप नावाचा, त्यात तुमची ओळ प्रोग्रामच्या मुख्य लूपमध्येच, लूप म्हणेल तेव्हाच चालते, दोघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तो लावला, तर आता जोडलं की प्रॉम्प्टच येईना! मी दोन तास बोगदा तपासत होतो. शेवटी लक्षात आलं, माझा लूप एक व्हॉल्व्ह उघडून ४० मिनिटं झोपायचा, म्हणजे माझ्याकडे ४० मिनिटांतून एकदा बघणार. एक एक सेकंदाची झोप आणि मध्ये प्रत्येक वेळी कोण आलंय का बघणं, असं केल्यावर प्रॉम्प्ट लगेच यायला लागला.

जुनी फाईल लोड होते हा प्रकार पण एकदा खरंच झाला. गावाला गेलो होतो, रेंज नव्हती, तिथेच पायवर फाईल बदलली, रिस्टार्ट केलं तरी जुनंच वागणं. आमच्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नाही, अचानक लाईट गेली आणि पुन्हा आली की त्याचं घड्याळ मागे जातं आणि नेट मिळेपर्यंत मागेच राहतं. गाईल कंपाईल केलेली प्रत होम फोल्डरमधल्या कॅशमध्ये (तयार प्रतींच्या साठ्यात) ठेवतो आणि तारखा बघून ठरवतो नवी करायची की नाही, माझी बदललेली फाईल त्याच्या हिशोबाने जुनी ठरली. कॅश पुसली, झालं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, हे दार जगासाठी उघडं ठेवू नका. गाईलच्या आरईपीएल सर्व्हरला पासवर्ड नसतो, जो जोडला तो मालक, तो फाईल पुसू शकतो, मोटर लावू शकतो. मुळात हा सर्व्हर फक्त त्याच मशीनवरून जोडता येईल असा सुरू होतो, पोर्ट ३७१४६, आणि लोक घाईत तो सगळ्यांसाठी मोकळा करतात कारण "बाहेरून जोडत नाहीये". तसं करू नका, एसएसएचमधून जा. २०१६ मध्ये तर असं लक्षात आलं की त्याच मशीनवरच्या ब्राउझरमध्ये एखादं दुष्ट पान उघडलं तर ते पानही या पोर्टला वेबची विनंती म्हणून स्कीमच्या ओळी पाठवू शकतं, गाईलच्या २.०.१३ व्हर्जनमध्ये त्यावर बंदोबस्त केला. मी आता पोर्ट वापरतच नाही, युनिक्स सॉकेटची (त्याच मशीनच्या आतल्या जोडणीची) फाईल वापरतो, तिच्यावर परवानगी फक्त माझ्या युजरला.

आणि चालू प्रोग्राममध्ये केलेला बदल हा फक्त मेमरीत असतो. लाईट गेली की गेला. मी रात्री अकराला केलेली दुरुस्ती तीनला लाईट गेल्यावर पुसली गेली, पहाटे प्रोग्राम उठला तो जुनी चूक घेऊनच. तेव्हापासून नियम, आधी फाईलमध्ये लिहायचं, फाईल गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकायची, मग त्याच फाईलमधलं फंक्शन चालू प्रोग्रामला पाठवायचं. आरईपीएलवर हाताने टाईप करायचं ते फक्त विचारायला.

दादाची मुलगी डिप्लोमाला आहे, कॉम्प्युटरला. उंदराचं प्रकरण झालं तेव्हा ती सुट्टीला घरी होती, मी पुण्यातून आणि ती मोटरीच्या खोलीतून फोन कानाला लावून. मी म्हटलं पाच नंबरचं रीडिंग विचार, ती विचारते, उत्तर "खोटं". मी म्हटलं आता वायर हलव आणि पुन्हा विचार. तिने हलवली, विचारलं, आकडा आला, सोडली, पुन्हा खोटं. ती ओरडलीच, "काका, सापडलं!" आणि मग जरा वेळाने म्हणाली, "आम्हाला कॉलेजात प्रोग्राम लिहायचा, रन करायचा, आउटपुट जर्नलमध्ये चिकटवायचं, की संपलं. चालू असताना त्याला असं विचारता येतं हे कुणी दाखवलंच नाही."

साहेब, तिच्या कॉलेजला मी दोष देत नाही, तासिका तेवढ्याच, सिलॅबस तेवढाच. पण जर्नलमधला प्रोग्राम दोन सेकंदांत संपतो, आणि बाहेर जे प्रोग्राम आहेत, बँकेत, रेल्वेत, पाण्याच्या टाकीवर, ते वर्षानुवर्षं चालू असतात, ते थांबवून बघता येत नाहीत. हे काम करणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पुण्यात तर गल्लोगल्ली आहेत, पण ती हे सगळं इंग्रजीतून शिकली आणि इंग्रजीतूनच बोलतात, त्यामुळे तासगावच्या पोरीपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. तिला इंग्रजी वाचता येतं, पण रात्री दहाला, शेतात, हातात मोबाईल धरून एखादी नवीन कल्पना समजून घ्यायची असेल तर ती आपल्या भाषेत असली की किती फरक पडतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून माझी विनंती अशी, तुमच्या पुरवणीत पंधरा दिवसांतून एकदा अर्धं पान फक्त बिघाड शोधण्याला द्या. एक खरा बिघाड, आधी काय वाटलं, काय तपासलं, कारण काय निघालं, बस. स्कीमच पाहिजे असं नाही, पायथन चालेल, मोटरीचा स्टार्टर चालेल, पिठाची गिरणी चालेल. पहिले चार मी लिहून देतो, मानधन नको. पाचवा माझी पुतणी लिहील म्हणाली आहे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी सातही सेन्सरच्या वायरी पाईपातून घ्यायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, त्यावरच लिहायचं म्हणतेय.

आपला एक वाचक,
पुणे